घर शोधताना ऑनलाइन जाहिरातींची नोंद कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी ते नोव्हेंबर २०२४ असे अकरा महिने आम्ही पुण्यात वारजे, कोथरूड आणि सिंहगड रोड या पट्ट्यात दोन बीएचके शोधत होतो. शीटमध्ये १३८ जाहिराती जमल्या, ३१ घरं प्रत्यक्ष पाहिली, एक घेतलं. तेव्हापासून ऑफिसात किंवा नात्यात कोणी घर बघायला लागलं की मला मेसेज येतो, "ती तुझी एक्सेल पाठव ना." मी पाठवते. दोन दिवसांनी प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे. खर्चाचे आकडे पुणे महापालिका हद्दीचे आहेत.

पोर्टलवर हार्टचं बटण असतं, शॉर्टलिस्ट असते. वेगळी नोंद कशाला हवी?

हार्ट दाबल्यावर जाहिरात तुमच्याकडे साठत नाही, फक्त तिचा पत्ता साठतो. एजंटने ती काढली, किंमत बदलली, फोटो बदलले की आधी काय होतं ते तुमच्याकडे उरत नाही. मला ४० हार्टपैकी निम्म्यांवर "ही प्रॉपर्टी आता उपलब्ध नाही" दिसायला लागलं, तेव्हा मी शीट उघडली.

दुसरं कारण आपलं डोकं. दहा घरं पाहून झाली की तिसऱ्या घराची बाल्कनी आठव्या घराला चिकटते. सिंहगड रोडच्या एका फ्लॅटमधला ओटा एल आकाराचा होता की सरळ, यावरून आमच्याकडे रात्री अकराला भांडण झालं. फोटो काढून बघितला तर आम्ही दोघं दोन वेगळ्या घरांबद्दल बोलत होतो.

प्रत्येक जाहिरातीचं नेमकं काय लिहायचं?

सुरुवातीला मी २६ रकाने केले होते. आठवडाभरात त्यातले १५ रिकामे राहायला लागले. शेवटी टिकले ते एवढेच: आपला क्रमांक, पहिल्यांदा पाहिल्याची तारीख, सोसायटी आणि मजला, मागितलेली किंमत, क्षेत्रफळ (आणि ते कुठलं: कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं, की जिना-लॉबी धरून), जाहिरात मालकाची की एजंटची, लिंक, जाहिरातीचा आयडी, प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख आणि नकाराचं कारण.

किंमत बदलली तर जुना आकडा पुसायचा नाही. त्याच्यापुढे तारीख टाकून नवा लिहायचा. सगळ्या शीटमधली सर्वांत कामाची सवय हीच. माझी एक खरी नोंद जशीच्या तशी देते:

क्र. ४७. वारजे, २ बीएचके, ६वा मजला (११ पैकी).
पहिल्यांदा पाहिली: ११ फेब्रु. २०२४, एजंट.
मागणी: ८२ लाख. ३ मार्च: ८०. २० एप्रिल: दुसरा एजंट, ७८. १ जून: मालकाची स्वतःची जाहिरात, ७६.
क्षेत्र: जाहिरातीत १,००० चौ. फूट, कुठलं ते नाही. फोनवर विचारलं, कार्पेट ७२०.
पाहिलं: २७ एप्रिल, शनिवार, दुपारी ४.
पाणी: जाहिरातीत "२४ तास". वॉचमन म्हणाला रोज दोन टँकर.
बेडरूमची बाहेरची भिंत: खाली ओल, वरून नवा रंग.
मत: हो, पण ७२ च्या वर नाही.

नकाराचं कारण लिहायला लोक कंटाळतात. पण दोन महिन्यांनी तेच घर नव्या फोटोंसह समोर येतं आणि तुम्ही पुन्हा रविवार घालवता. माझ्या शीटमध्ये "जिन्यात वास", "मागे मंगल कार्यालय", "लिफ्ट बंद, मालक म्हणतो कालच बिघडली, लिफ्टमध्ये पोळीचं पीठ ठेवलेलं" अशी कारणं आहेत. त्यांनी किमान पाच फेऱ्या वाचवल्या.

एक्सेल की वही?

नवरा-बायको दोघं शोधत असाल तर गुगल शीट, कारण ती दोघांच्या फोनवर एकच असते. सासूबाईंनी मात्र जुन्या डायरीत स्वतःची वेगळी यादी ठेवली होती. त्यात "देव्हाऱ्याला जागा", "वाळत घालायला ऊन" आणि "शेजारी बोलले का" असे रकाने होते. घर ठरवताना शेवटी चर्चा त्या डायरीवरच झाली, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

लिंक पुरते का? स्क्रीनशॉट घ्यावा की पीडीएफ?

एकट्या लिंकवर विसंबू नका. लॅपटॉप असेल तर ब्राउझरमधून प्रिंट देऊन "पीडीएफ म्हणून सेव्ह" करा. क्रोममध्ये प्रिंटच्या पर्यायांत हेडर-फुटर चालू ठेवलं की प्रत्येक पानाच्या कडेला तारीख आणि पानाचा पत्ता आपोआप छापला जातो. फोनवर असाल तर लांब स्क्रीनशॉट, म्हणजे खाली सरकत संपूर्ण पान घेणारा.

स्क्रीनशॉटची एक खोड लक्षात ठेवा. वरच्या पट्टीत वेळ दिसते, तारीख दिसत नाही. तारीख असते ती फाइलच्या माहितीत, आणि तोच स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवरून फिरला की मूळ माहिती गळते, चित्रही दाबलं जातं. म्हणून मूळ फाइल ठेवा आणि तिचं नाव लगेच बदला. मी "२०२४-०२-११ वारजे ४७" असं नाव देत असे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतं आणि नावातला ४७ शीटमधल्या ४७ ला जाऊन भिडतो.

फोटो वेगळे उतरवायची गरज सहसा नाही. फ्लोअर प्लॅन असेल तर तो मात्र उतरवाच. जाहिरात बदलताना बऱ्याचदा तोच आधी गायब होतो.

वेबॅक मशीनवर पान साठवता येतं ना?

येतं. पानाचा पत्ता दिला की इंटरनेट आर्काइव्ह त्या क्षणाची प्रत ठेवतं आणि तिच्यावर तारीख असते. तारीख तुम्ही टाकलेली नसते, तिऱ्हाइताने टाकलेली असते, हा मोठा फायदा. पण पोर्टलची बरीच पानं उघडल्यानंतर तुकड्या-तुकड्यांनी भरतात, त्यामुळे साठवलेल्या प्रतीत कधी फोटो नसतात, कधी किंमतच नसते. साठवल्यावर लगेच उघडून बघा. बिल्डरच्या साध्या वेबसाइटसाठी हे चांगलं चालतं.

एकच घर चार ठिकाणी, चार किमतींना दिसतं. ते एकच आहे हे ओळखायचं कसं?

हा माझा आवडता प्रश्न. मालक एकाच वेळी तीन-चार एजंटांना चावी देतो. प्रत्येक जण आपापली जाहिरात टाकतो, आपल्या अंदाजाने किंमत लिहितो आणि मजला मुद्दाम मोघम ठेवतो, म्हणजे तुम्ही थेट मालकाकडे जाऊ नये. सोसायटीचं नावसुद्धा "अमुक हॉस्पिटलजवळ" एवढंच.

मी फरशी बघते. मग खिडकीची ग्रिल, पंख्याचं पातं, स्वयंपाकघराच्या टाइल्सवरची फळं (२००५ च्या आसपासच्या किती घरांत ती द्राक्षं आहेत!) आणि बाल्कनीतून दिसणारी पाण्याची टाकी. माणसं किंमत बदलतात, फोटो बदलतात, पण समोरची टाकी हलवत नाहीत. शंका आली तर फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या पोर्टलवर असेल तर सापडू शकतो.

"आजच टाकलेली" या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. जाहिरात पुन्हा चढवली की तारीख नवी होते. कोथरूडच्या एका फ्लॅटची जाहिरात त्याच सकाळची होती. हॉलच्या फोटोत भिंतीवर दिनदर्शिका. फोटो मोठा करून पाहिला तर पान मे २०२१ चं. दाराजवळच्या खुंटीवर निळा मास्क लटकत होता. एजंटला विचारलं, "फोटो कधीचे?" म्हणाला, "मॅडम, परवाच काढलेत." तीन वर्षांत त्या घराचं काय झालं ते बघायला आम्ही गेलो. भाडेकरूंनी हॉलला जांभळा रंग दिला होता.

म्हणून शीटमध्ये "पहिल्यांदा पाहिल्याची तारीख" ही आपली असते. पोर्टलच्या तारखेशी तिचा संबंध नाही.

क्षेत्रफळाचा गोंधळ शीटमध्ये कसा सोडवायचा?

एकच नियम: सगळी घरं कार्पेटवर आणा, मग तुलना करा. वरच्या ४७ नंबरचंच घ्या. मार्चमध्ये मागणी ८० लाख, जाहिरातीत १,००० चौरस फूट, म्हणजे दर ८,०००. स्वस्त वाटतं. कार्पेट ७२०. ८० लाखांना ७२० ने भागा, दर ११,१११ होतो. मधले २८० फूट म्हणजे जिना, लॉबी, भिंती आणि बिल्डरची कल्पनाशक्ती. कार्पेटवर जवळपास ३९ टक्के लोडिंग.

रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. जुन्या इमारतीतला मालक "कार्पेट" म्हणतो तेव्हा बाल्कनी त्यात घातलेली असू शकते, म्हणून तेवढं विचारून लिहा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, कागदांत क्षेत्र चौरस मीटरमध्ये येतं. १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ६६.९ चौरस मीटर म्हणजे ७२० फूट.

क्षेत्र सांगितलंच नाही तर रकान्यात "सांगितलं नाही" असं लिहा. रिकामं सोडू नका. रिकाम्या रकान्यात आपलं मन आपोआप चांगला आकडा भरतं.

मागितलेली किंमत आणि खरी विक्री यात किती फरक असतो?

पोर्टलवर दिसतो तो मागितलेला आकडा, घर प्रत्यक्षात कितीला गेलं तो नव्हे. तो शोधायला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक घातला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ निघते. लोक तिला इंडेक्स टू म्हणतात. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. यासाठी सोसायटीचा सर्व्हे नंबर लागतो, तेव्हा तो कुठे दिसला, ब्रोशरवर किंवा गेटवरच्या पाटीवर, की शीटमध्ये टिपून ठेवा.

४७ नंबरच्या इमारतीत आदल्या डिसेंबरात तेवढ्याच क्षेत्राचा फ्लॅट ७१ लाखांना नोंदला गेला होता. माझा "७२ च्या वर नाही" हा आकडा तिथून आला. नोंदलेला आकडा म्हणजे शंभर टक्के व्यवहार, असं समजून मात्र चालू नका. कारण काय ते पुण्या-मुंबईत घर घेतलेल्या कोणालाही विचारा.

ही नोंद मालकासमोर ठेवून घासाघीस करावी का?

करू नये. मी केली. १ जूनला मालकाची स्वतःची जाहिरात आल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. काका-काकू चांगले होते, पोहे झाले. काका म्हणाले, "आम्ही कालच जाहिरात टाकलीये, फोन सारखे येतायत." मला राहवलं नाही. फोनवर शीट उघडून दाखवली: फेब्रुवारीत ८२, मार्चमध्ये ८०, एप्रिलमध्ये ७८. नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला, पण उशीर झाला होता. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही खोटं बोलतोय का?" एजंटांनी काय किमती टाकल्या हे त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे नंतर कळलं. तो व्यवहार तिथेच संपला.

पुढच्या घराच्या वेळी (नंबर ११२, आत्ता इथूनच लिहितेय) शीट बंद ठेवली. जाहिरात चार महिने फिरतेय हे माहीत होतं, इंडेक्स टू पाहिलेला होता. आपला आकडा एकदाच सांगितला आणि "विचार करून कळवा" म्हणून उठलो. सतरा दिवसांनी फोन आला. नोंदीचा फायदा त्या सतरा दिवसांत झाला: आपण घाबरून आकडा वाढवला नाही.

एजंट म्हणतो, "ते तर काल गेलं, पण तसंच दुसरं दाखवतो." याची नोंद करायची?

एजंटच्या नावापुढे एक फुली. तीन फुल्या झाल्या की त्याच्या जाहिराती बघणं बंद. "आज संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन देतेय" यालाही फुली, पण अर्धी, कारण कधीकधी ते खरं निघतं.

नव्या प्रोजेक्टच्या जाहिरातीसाठी वेगळं काय ठेवायचं?

इथे नोंदीला कायद्याचं बळ आहे, म्हणून जास्त नीट ठेवा. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीशिवाय करता येत नाही, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता असावा लागतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. आम्ही शोधत होतो तेव्हा, २०२४ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या बहुतेक प्रकल्पांचे क्रमांक "पी ५२१"ने सुरू होताना दिसायचे, मुंबई उपनगरातले "पी ५१८"ने.

कोड स्कॅन करून महारेराचं पान उघडा आणि त्या पानाचीही पीडीएफ करून ठेवा. प्रकल्प पूर्ण व्हायची तारीख पुढे सरकते, आणि तुम्ही बुकिंग केलं त्या दिवशी काय लिहिलं होतं ते तुमच्याकडे हवं. मंजूर नकाशे आणि न्यायालयीन दाव्यांची माहितीही तिथेच बघायची. ब्रोशर, व्हॉट्सअॅपवर आलेली पेमेंट स्कीम आणि सॅम्पल फ्लॅटचे तुम्ही काढलेले फोटो एका फोल्डरात ठेवा. कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून तुम्ही पैसे दिले आणि नुकसान झालं तर बिल्डर भरपाईला बांधील आहे. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. त्यासाठी "जलतरण तलाव" असं नेमकं कुठे लिहिलं होतं ते दाखवावं लागतं.

आणि लेखी करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कोणी मागितली तर तो मेसेजही जपून ठेवा.

हे सगळं बिल्डरकडून घेतलेल्या घराला लागू आहे. रीसेलमध्ये काकांवर कलम १२ लावता येत नाही.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतो का?

चालू शकतो, पण नुसता प्रिंट काढून देऊन भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आपण करायचं ते इतकंच: मूळ फाइल कापू-छाटू नका, तिच्यावर लाल गोल काढू नका (काढायचाच असेल तर प्रतीवर काढा) आणि ज्या फोनवर घेतली तो फोन एक्सचेंजमध्ये देण्याआधी विचार करा. बाकी वकील बघतील.

एकूण खर्चाचा रकाना करावा का?

करा, नाहीतर बजेट फसतं. ८० लाखांचं रीसेल घर पुण्यात: मुद्रांक शुल्क इतर आकारांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ८० हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजारांपर्यंत. झाले ६ लाख ९५ हजार, रंगाचा डबा अजून उघडलेला नाही. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, इथे ८० हजार. आमचं घर माझ्या नावावर आहे त्याचं कारण हेच, असं नवरा सगळ्यांना सांगतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी वेगळा (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का), पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर नाही.

भाड्याचं घर शोधतानाही हे करायचं?

अर्धंच करा. जाहिरातीचा एक स्क्रीनशॉट, डिपॉझिट, मेंटेनन्स कोण देणार, आणि "फर्निश्ड" म्हणजे नेमकं काय. गीझर, पंखे, पडद्याचे रॉड सगळं जाहिरातीतल्या फोटोंवरून मोजून लिव्ह अँड लायसन्स कराराच्या यादीत घाला. आत राहायला जाल त्या दिवशी भिंतींचा व्हिडिओ काढा.

मी परदेशात आहे, पुण्यात आई-बाबा घरं बघतात. काय करू?

शीट तुम्ही भरा, बाबांना फक्त नंबर सांगा: "आज ६३ आणि ७०." त्यांनी तिथून बोलून व्हॉइस नोट पाठवायची, टाइप करायला लावू नका. मालक एनआरआय आहे का, हा रकाना मात्र सगळ्यांनीच ठेवा. ५० लाख किंवा त्यावरच्या घराला खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा असतो, तो निवासी भारतीय विक्रेत्यासाठी. मालक अनिवासी असेल तर हिशेब वेगळा आणि रक्कम बरीच मोठी असते. टोकन द्यायच्या आधी सीएला विचारा.

घर घेतल्यावर शीटचं काय करायचं?

घेतलेल्या घराचं फोल्डर करारनाम्याच्या प्रतीसोबत कायम ठेवा. बाकीच्या घरांचे स्क्रीनशॉट काढून टाकायला हरकत नाही. कोणाला शीट पाठवणार असाल तर आधी मालकांचे फोन नंबर आणि फ्लॅट नंबर पुसा. त्यांनी ते तुमच्या ऑफिसच्या ग्रुपसाठी दिले नव्हते. पोर्टलवरचे अलर्ट बंद करा. मी डिसेंबरमध्येच बंद केले. एजंटांचे फोन अजून येतात, आणि मी अजून विचारते, "कार्पेट किती?"